मनुष्यस्वभाव हा नीतीचा पाया होऊं शकतो काय ?



महोत्सवाच्या ह्या सप्ताहांत आपण परमेश्वराचे आभार मानले, दिवंगत वडीलधाऱ्यांचें स्मरण केलें, आणि ज्यांनीं ह्या धर्मग्रामाचा आरंभ केला त्यांच्या श्रमांची आठवण जागविली. आज सायंकाळीं आम्ही आपणांपुढें एक प्रश्न ठेवणार आहों. प्रश्न जुना आहे. पण आपल्या घरांत तो रोज नव्यानें येतो. महाविद्यालयांत जाणारा मुलगा आईस विचारतो, "माझा मित्र देवाला मानीत नाहीं, तरी तो सत्यानें वागतो, मग चांगलें वागण्यास धर्म कशाला पाहिजे?" इमारतींतील शेजारी म्हणतात, "तुमचा धर्म तुम्हांस, आमचा आम्हांस. मग सर्वांस बांधील अशी एक नीति कोठून आणावयाची?" आणि कामावरून थकून आलेला गृहस्थ म्हणतो, "माणसाचा स्वभावच असा, त्याला कोण काय करणार ?" ह्या तिन्ही बोलण्यांच्या बुडाशीं एकच प्रश्न आहे. माणूस काय आहे हें नीट पाहिलें असतां, माणसानें कसें जगावें हें कळूं शकतें काय ?

आमचें उत्तर आम्ही आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें ऐकतांना वाट चुकणार नाहीं. होय, मनुष्यस्वभाव हा नीतीचा पाया होऊं शकतो. मात्र तो स्वभाव सर्व माणसांत एकच आहे हें मनापासून मान्य केलें पाहिजे. ज्यांनीं ज्यांनीं माणसांचे उच्च व नीच असे दोन स्वभाव कल्पिले, त्यांच्या हातून स्वभावाच्या नांवाखालीं अन्यायच घडला. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, पाया घातला म्हणजे घर झालें असें नव्हे. ह्या दोन गोष्टी आपण क्रमानें पाहूं.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवूं. आपल्या भाषेंत म्हण आहे, 'स्वभावाला औषध नाहीं'. दुसरी आहे, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं'. ह्या म्हणींतील स्वभाव म्हणजे एखाद्या माणसाची घडण किंवा त्याला जडलेली संवय. कोणी रागीट असतो, कोणी चिक्कू, कोणी आळशी. अशा स्वभावावर नीति उभारतां येणार नाहीं, हें उघड आहे. नीतीला तर पुष्कळदां त्याच्याशींच झगडावें लागतें. परंतु ह्याच शब्दाचा दुसरा, अधिक खोल अर्थ आहे. सखल जागेकडे वाहणें हा पाण्याचा स्वभाव, जाळणें हा अग्नीचा स्वभाव, असें आपण म्हणतों तेव्हां त्या वस्तूचें मूळ रूप आपल्या मनांत असतें. आणि वस्तु जिवंत असेल तर तिची वाढ कोणत्या पूर्णतेकडे चालली आहे हेंही असतें. आजच्या व्याख्यानांत स्वभाव हा शब्द ह्या दुसऱ्या अर्थानें घ्यावयाचा आहे. "रागावणें हा माझा स्वभाव आहे" असें म्हणणारा गृहस्थ पहिल्या अर्थानें बोलत असतो. परंतु आपल्या रागानें मूल रडलें हें पाहून त्याचें मन मागाहून त्याला खातें, तें ह्या दुसऱ्या स्वभावामुळें.

आमच्या ठाणें जिल्ह्याचें मुख्य पीक भात. खाचरांत लावलेलें रोप मूळ धरतें, त्याला फुटवे येतात, लोंबी बाहेर पडते, दाणा भरतो. लोंबी आली पण दाणे पोचट राहिले, तर शेतकरी म्हणतो कीं पीक बिघडलें. त्याचें हें म्हणणें केवळ आवडीनिवडीचें नसतें. पोचट दाण्यांतून पुढल्या सालीं रोप उगवणार नाहीं. म्हणजे भात ह्या जातीच्या दृष्टीनेंच तें रोप कमी पडलें. येऊरच्या रानांतील बिबळ्याचेंही तसेंच आहे. एकट्यानें हिंडणें, शिकार करणें, आणि मादीनें पिलें मोठीं होईपर्यंत त्यांस सांभाळणें, हें त्याच्या जातीचें जिणें होय. त्यानें हरिण मारलें म्हणून कोणी त्याला पापी म्हणत नाहीं. पण त्याचा पंजा मोडला आणि त्याला शिकार साधेना, तर त्याचें जिणें बिघडलें असें आपण म्हणतों. प्रत्येक जिवंत वस्तूला तिच्या जातीप्रमाणें एक चांगलेपण असतें, आणि तें डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास ओळखतां येतें.

मग माणसाचें काय ? माणूसही प्राणीच आहे. त्याला अन्न, पाणी, हवा व निवारा पाहिजे. त्याचें मूल जन्मतः इतकें दुबळें असतें कीं कित्येक वर्षें दुसऱ्यांनीं सांभाळल्यावांचून तें जगत नाहीं. तो म्हातारा झाला कीं पुन्हां दुसऱ्याच्या आधारावर येतो. पण ह्याहून मोठी गोष्ट अशी कीं, तो बोलतो, वचन देतो, कारण विचारतो, कारण सांगतो, आणि आपण एक दिवस मरणार हें जाणून जगतो. बिबळ्याला कसें जगावें हें ठरवावें लागत नाहीं. माणसाला तें ठरवावें लागतें. हें ठरविणें हाही त्याच्या स्वभावाचाच भाग आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल (ख्रि. पू. ३८४–३२२) ह्यानें ह्याच वाटेनें विचार केला. सुताराला त्याचें काम आहे, बांसरी वाजविणाऱ्याला त्याचें काम आहे, डोळ्याला व हाताला आपापलें काम आहे. तर माणसाला माणूस म्हणून कांहींच काम नसावें हें संभवत नाहीं, असें त्याचें म्हणणें. तें काम म्हणजे बुद्धीच्या प्रकाशांत सद्गुणानें जगणें, असा त्यानें निर्णय दिला. पुढें तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं हा विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या उजेडांत तपासून घेतला. माणसाच्या अंतःकरणांत तीन ओढी आहेत असें ते दाखवितात. पहिली, आपला जीव राखण्याची. ही सर्व वस्तूंत आहे. दुसरी, संतति व तिचें संगोपन ह्यांची. ही सर्व प्राण्यांत आहे. तिसरी केवळ माणसाची; परमेश्वराविषयींचें सत्य जाणावें आणि इतरांसह समाजांत राहावें, ही ती ओढ. ह्या ओढींनीं दाखविलेलें हित बुद्धि ओळखते, त्याला क्रम लावते, आणि त्यांतून कर्तव्य ठरविते. ह्यालाच ते स्वभावसिद्ध नियम म्हणतात. जीव घेऊं नये, पोरक्यास टाकूं नये, खोटें बोलूं नये, शेजाऱ्यास लुबाडूं नये, हे नियम बाहेरून कोणी लादले आहेत असें नाहीं. ज्या प्राण्याचा स्वभाव असा आहे त्याचें जिणें त्यांच्यावांचून पोचट होतें. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत संत पौल सांगतात कीं, ज्यांस मोशेचें नियमशास्त्र मिळालें नाहीं अशा लोकांच्याही हृदयांवर नियमाची अक्षरें उमटलेलीं आहेत. तेव्हां देवाला न मानणारा तो मित्र सत्यानें कां वागतो, ह्याचें आपणांस आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. त्याचा स्वभाव देवानें घडविलेला आहे, मग तो तें मानो वा न मानो.

येथें एक मोठा आक्षेप येतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम ह्यानें १७३९–४० सालीं प्रसिद्ध केलेल्या मनुष्यस्वभावावरील आपल्या ग्रंथांत तो नोंदवून ठेवला आहे. लेखक 'असें आहे' म्हणतां म्हणतां एकदम 'असें असावें' म्हणूं लागतात. पण एकांतून दुसरें कसें निघतें तें कोणीच सांगत नाहीं, असा त्याचा रोख आहे. माणसाला राग येतो हें खरें. म्हणून त्यानें रागवावें असें ठरतें काय? पुष्कळ माणसें लांच घेतात. म्हणून लांच घेणें चांगलें काय? आक्षेपाचा हा भाग अगदीं बरोबर आहे. बहुतेक लोक जें करितात त्यावरून कर्तव्य निघत नाहीं. परंतु स्वभाव म्हणजे बहुतेक लोक काय करितात ह्याची गणति नव्हे. एखाद्या सालीं पाऊस न पडल्यानें जिल्ह्यांतील बहुतेक भात पोचट झालें, तरी पोचट असणें हा भाताचा स्वभाव ठरत नाहीं. 'हा डोळा पाहूं शकत नाहीं' ह्या वाक्यांत 'हा डोळा बिघडला आहे' हें आलेंच. तेथें 'आहे' व 'असावें' ह्यांच्यामध्यें भिंत नाहीं. आपल्या काळांत इंग्लंडच्या फिलिपा फूट ह्या तत्त्वज्ञ बाईंनीं २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत माणसाच्या सद्गुणांचा विचार वनस्पति व प्राणी ह्यांच्या चांगलेपणाशीं जोडून केला. आणि त्या तर निरीश्वरवादी होत्या. अॅलस्डेर मॅकिन्टायर, जे पुढें कॅथॉलिक झाले आणि २०२५ सालीं निधन पावले, त्यांनीं १९९९ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, माणूस दुबळा व परावलंबी प्राणी आहे, म्हणूनच घेणें व देणें ह्या दोहोंचे सद्गुण त्याला लागतात. म्हणजे हा विचार केवळ जुन्या सेमिनरींच्या भिंतींआड राहिलेला नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. हा प्रश्न आमच्या मराठी पूर्वजांनींही विचारला होता. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील कांहीं वर्षांत त्याला तीन मोठ्या पुरुषांनीं तीन निराळीं उत्तरें दिलीं.

पहिले जोतीराव फुले. त्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. जगाच्या निर्मात्याला ते 'निर्मिक' म्हणत. त्या निर्मिकानें सर्व स्त्रीपुरुषांस स्वतंत्र व सारख्या हक्कांचे उत्पन्न केलें आहे, म्हणून कोणी कोणाला गुलाम करूं नये, हें त्यांच्या नीतीचें सूत्र. प्रस्थापित धर्मग्रंथांवर त्यांनीं कठोर टीका केली. परंतु माणसाची योग्यता त्याच्या निर्मात्यापासून येते, हें त्यांनीं सोडलें नाहीं. आणि त्यांची नीति ग्रंथांतच राहिली नाहीं. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा निघाली. १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह निघालें, आणि फसलेल्या विधवांस बाळंतपणासाठीं दार उघडें झालें. आईच्या पोटांतील जिवाला जात व कलंक नसतो, हें त्या घरानें न बोलतां सांगितलें.

दुसरे गोपाळ गणेश आगरकर. १८८८ सालीं त्यांनीं 'सुधारक' पत्र काढलें. ते अज्ञेयवादी होते. नीतीला देवाचा आधार लागतो हें त्यांस मान्य नव्हतें. रूढि कितीही जुनी असली तरी ती बुद्धीपुढें व माणसाच्या हितापुढें उभी करून तपासावी, हा त्यांचा आग्रह. बालविवाह व विधवांचें केशवपन ह्यांवर त्यांनीं लेखणी चालविली, तेव्हां पुण्यांत विरोधकांनीं त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी ते डगमगले नाहींत. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या मागें न लागतां, पोटापुरतें मिळवून सारा वेळ लोकहितांत घालविण्याचा संकल्प त्यांनीं आईला पत्रानें कळविला होता, आणि १८९५ सालीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं मरेपर्यंत तो पाळला. अशा पुरुषाविषयीं कोणी ख्रिस्ती माणसानें तुच्छतेनें बोलूं नये.

तिसरे बाळ गंगाधर टिळक. मंडालेच्या तुरुंगांत १९१०–११ च्या हिंवाळ्यांत लिहिलेलें आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'गीतारहस्य' हा मराठींतील नीतिशास्त्राचा फार मोठा ग्रंथ आहे. मिल्, स्पेन्सर, कांट, ग्रीन ह्या युरोपीय पंडितांची त्यांनीं त्यांत झाडाझडती घेतली. पुष्कळांचें पुष्कळ सुख, ह्या हिशेबावर नीति उभी राहत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष. कारण सुखाची बेरीज मोजणारी बुद्धि स्वतः शुद्ध आहे कीं नाहीं हा प्रश्न त्या हिशेबांत येतच नाहीं. सर्वांभूतीं एकच आत्मा आहे ही ओळख, आणि तींतून येणारी समबुद्धि, हाच त्यांच्या मतें नीतीचा खरा पाया.

आम्ही कॅथॉलिक ह्या तिघांपैकीं कोणाचेंही सर्व मत जसेंच्या तसें घेऊं शकत नाहीं. तरी प्रत्येकापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माणसाची योग्यता निर्मात्याची देणगी आहे, हें फुल्यांनीं ओळखलें. रूढीला स्वभावाचें नांव देऊं नये, हें आगरकरांनीं बजावलें. आणि सुखाचा हिशेब म्हणजे नीति नव्हे, हें टिळकांनीं दाखविलें. संत थॉमस ह्यांच्या शिकवणींत ह्या तिन्ही गोष्टींस जागा आहे.

आतां ज्या अटीचा आम्ही आरंभीं उल्लेख केला तिच्याकडे येऊं. स्वभाव हा शब्द फार दुरुपयोगी लावला गेला आहे. खुद्द अॅरिस्टॉटलनें लिहून ठेवलें कीं कित्येक माणसें स्वभावतःच गुलाम आहेत. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही आपल्या गांवची रूढि हाच मनुष्यस्वभाव वाटला. १५३७ सालीं संत पापा तिसरे पौल ह्यांनीं अमेरिकेचे मूळ रहिवासी खरींखुरीं माणसें आहेत, त्यांस गुलाम करूं नये, असें जाहीर केलें. तरी त्यानंतरही गोव्याच्या बाजारांत ख्रिस्ती म्हणविणारे लोक गुलामांची खरेदीविक्री करीतच राहिले. आणि आमच्या देशांत तर जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरविण्याची रीति किती खोल गेली आहे, हें सांगावयास नको. भारतीय कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेनें २०१६ सालीं दलितांविषयींचें आपलें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत हा भेद ख्रिस्तसभेच्या आंतही आहे हें कबूल केलें आहे.

ह्या खोट्या स्वभावाची व खऱ्या स्वभावाची समोरासमोर गांठ महाडास पडली. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलानें रावबहादूर बोले ह्यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करावे असें ठरविलें. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंही चवदार तळें खुलें केलें. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून गेले आणि पाणी प्याले. त्याबद्दल अनुयायांस मारहाण झाली, आणि मागाहून तळ्याचें 'शुद्धीकरण' करण्यांत आलें. ज्या पाण्याला गुराढोरांच्या तोंडानें विटाळ होत नव्हता, तें माणसाच्या ओंजळीनें बाटलें ! खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच १९२७ सालच्या डिसेंबरांत महाडासच आंबेडकरांनीं आपल्या लोकांस समजावून सांगितलें कीं, हा झगडा केवळ पाण्यासाठीं नाहीं. आपणही इतरांसारखीं माणसें आहों हें ठरविण्यासाठीं आहे.

बंधुभगिनींनो, ह्या घटनेंत आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. तहान ही कोणत्याही शास्त्रानें लावलेली नाहीं. ती ब्राह्मणाला लागते, महाराला लागते, ख्रिस्त्याला लागते, मुसलमानाला लागते; एकाच घशाला, एकाच प्रकारें. रूढि म्हणत होती कीं ह्यांचा स्वभाव निराळा. तहान म्हणत होती कीं ह्यांचा स्वभाव तोच. ज्यानें तहानेचें ऐकलें त्याला काय करावें हें कळलें; दुसरें प्रमाण त्याला लागलें नाहीं. माणसामाणसांत भेद पाडण्यासाठीं जेव्हां जेव्हां स्वभावाची साक्ष काढली जाते, तेव्हां ती साक्ष बहुधा रूढीनें शिकविलेली असते. ती फार सावधपणें तपासावी.

हें सारें शंभर वर्षांपूर्वींचें झालें, असें कोणी म्हणेल. तर आतां अगदीं जवळ या. आमचा मानपाडा एके काळीं नांवाप्रमाणें पाडा होता, म्हणजे लहानशी वस्ती. आज घोडबंदर रस्त्याच्या दोहों बाजूंस उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें राहतात. इतक्या घरांचें सांडपाणी कोठें तरी जातें. तें जमिनीखालच्या टाक्यांत सांचतें, आणि त्या टाक्या साफ कराव्या लागतात. २०१९ च्या मे महिन्यांत, येथून जवळच ढोकाळी भागांत, एका निवासी संकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीची सफाई करतांना तीन कामगार गुदमरून मरण पावले. असें मरण कसें येतें तें समजून घ्या. कुजणाऱ्या मैल्यांतून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु निघतो. तो हवेहून जड असल्यामुळें टाकीच्या तळाशीं सांचतो. आरंभीं सडक्या अंड्यासारखी दुर्गंधि येते. वायूचें प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें, आणि धोका टळला असें वाटतें. मग थोड्याच वेळांत माणूस कोसळतो. टाकींत पुरेसा प्राणवायु नसला कीं मृत्यु आणखी लवकर येतो.

२०१३ च्या कायद्यानें योग्य संरक्षक साधनांवांचून गटारांत व मैल्याच्या टाकींत माणूस उतरविण्यास बंदी घातली आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरविली. कायदा आहे, न्यायालय आहे; तरी माणूस उतरविला जातो. कां बरें ? कारण ज्याला उतरविलें जातें त्याचीं फुप्फुसें आपल्या मुलाच्या फुप्फुसांसारखीं आहेत, हें आपण विसरतों. 'त्यांना संवय असते', असें एक वाक्य आपण सहज बोलून जातों. बंधूंनो, विषारी वायूची संवय कोणाच्याही फुप्फुसाला होत नाहीं. हें वाक्य म्हणजे महाडच्या त्याच खोट्या स्वभावाचें नवें रूप होय.

आणि अशा अपघातांत आणखी एक गोष्ट पुष्कळदां दिसून येते. पहिला माणूस पडला कीं दुसरा त्याला काढावयास उतरतो, आणि तोही पडतो. मग तिसरा उतरतो. सावधगिरी म्हणून असें उतरूं नये, हें खरें; साधनें येईपर्यंत वर थांबावें. परंतु ती उडी कोठून येते ? ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत चीनच्या मेन्शियस ह्या तत्त्ववेत्त्यानें म्हटलें होतें कीं, विहिरींत पडूं पाहणारें मूल दिसलें तर कोणाही माणसाच्या काळजांत धस्स होतें. तें बक्षिसासाठीं नव्हे कीं नांवलौकिकासाठीं नव्हे. मेन्शियसनें मोशेचें नांव ऐकलें नव्हतें, आणि आमच्या तारणाऱ्याचा जन्म व्हावयाचा होता. तरी त्यानें माणसाच्या हृदयांत तेंच पाहिलें, जें संत पौलांनीं पुढें पाहिलें. 'माणसाचा स्वभावच असा' हें वाक्य आपण नेहमीं निराशेनें बोलतों. टाकीच्या तोंडाशीं उभें राहून तेंच वाक्य निराळ्या अर्थानें बोलतां येतें.

तर मग पाया पुरेसा आहे काय ? नाहीं. ज्या स्वभावानें दुसरा माणूस टाकींत उडी घेतो, त्याच स्वभावाच्या माणसांनीं पहिल्याला साधनांवांचून उतरविलें, कारण यंत्राला पैसे अधिक पडतात. हित कोणतें हें आपणांस कळतें, आणि तरी आपण तें करीत नाहीं. ह्या विचित्र गोष्टीचें उत्तर केवळ स्वभावाकडे पाहून मिळत नाहीं. पवित्र ख्रिस्तसभा त्याला आदिपापाची जखम म्हणते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४६–४७ सालीं दोन्ही टोंकें टाळून शिकविलें : पापानें माणसाचा स्वभाव दुबळा झाला, पण त्याची स्वतंत्र इच्छा मेली नाहीं. मेली असती तर कोणाला जाब विचारण्यांत अर्थच उरला नसता. आणि दुबळी झाली नसती तर क्रुसाची गरजच पडली नसती. जो आजारी आहे त्याला औषध लागतें, आणि औषधाचा उपयोग जिवंत माणसालाच होतो. 'स्वभावाला औषध नाहीं' ह्या म्हणीला ख्रिस्ती माणसाचें उत्तर हेंच कीं औषध आहे. परमेश्वराची कृपा आपला स्वभाव काढून दुसरा बसवीत नाहीं. ती त्यालाच बरा करिते, आणि जेथें तो आपल्या बळानें पोहोंचला नसता तेथें त्याला नेते. लूककृत शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनी आठवा. जखमी माणसाची जात न विचारण्याइतकें ज्ञान त्या वाटेनें गेलेल्या याजकालाही असावयास पाहिजे होतें. स्वभावानें तें त्याला सांगितलेंच असेल. तरी तो बाजूनें निघून गेला. ज्याला दया आली तो थांबला. आणि प्रभु येशूनें त्याचेंच अनुकरण करावयास सांगितलें.

म्हणून, आरंभींच्या तिघांस आम्ही असें सांगूं. महाविद्यालयांतील मुलाला : तुझा मित्र सत्यानें वागतो ह्याबद्दल देवाचे आभार मान, आणि तूं त्याच्याहून कमी सत्यानें वागूं नकोस; श्रद्धा ही चांगुलपणाची मक्तेदारी नाहीं, ती चांगुलपणाचें मूळ कोठें आहे तें दाखविते व पडल्यावर उठविते. शेजाऱ्यांस : आपणां सर्वांस बांधील अशी नीति आहे; तहान, श्वास, मूल, म्हातारपण, दिलेला शब्द, ह्यांपाशीं आपण एकत्र बसून बोलूं शकतों. २००९ सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळानें स्वभावसिद्ध नियमावर जो लेख प्रसिद्ध केला, त्यांतही हिंदु, बौद्ध, इस्लामी अशा अनेक परंपरांतील शहाणपणाची दखल घेऊन हीच वाट दाखविली आहे. आणि थकलेल्या गृहस्थास : माणसाचा स्वभाव तूं समजतोस त्याहून चांगला आहे, आणि त्याला आधार लागतो; मिस्सेला व पापनिवेदनाला त्यासाठींच येत जा.

शेवटीं एक विनंति. महोत्सवाची आठवण म्हणून आपण पुष्कळ गोष्टी करणार आहां. त्यांत ही एक धरावी. आपल्या सोसायटीच्या पुढल्या सभेंत उभें राहून विचारावें कीं, आमची टाकी कोण साफ करितो. यंत्रानें कीं माणसानें. कंत्राटदाराजवळ वायु मोजण्याचें साधन व सुरक्षेची सामग्री आहे कीं नाहीं. आणि येणाऱ्या माणसांचीं नांवें काय. खर्च थोडा वाढला तर आपला वाटा प्रथम भरावा. कोणी हंसेल, कोणी म्हणेल कीं फादरांनीं देवळांत गटारांची गोष्ट कशाला काढली. त्यांस इतकेंच सांगावें कीं आम्ही मनुष्यस्वभावाविषयीं बोलत होतों.

ज्यानें आपणां सर्वांस एकाच मातीपासून घडविलें, आणि ज्याच्या पुत्रानें तोच आपला स्वभाव धारण करून आपणांमध्यें वस्ती केली, तो परमेश्वर ह्या धर्मग्रामास पुढील वर्षांत एकमेकांचा श्वास व तहान ओळखण्याची बुद्धि देवो, आणि त्याप्रमाणें वागण्याचें बळही देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों. आमेन.